वाचनालयातल्या एकमेव संगणकासाठी यूपीएस: कोणता घ्यावा आणि सुरक्षितपणे कसा वापरावा?

जांभ्याची वाट

नमस्कार. दापोली तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे काम मी गेली नऊ वर्षे पाहते. आमच्याकडे एकच संगणक आहे. त्यात साडेअकरा हजार पुस्तकांच्या नोंदी, वर्गणीदारांची खाती आणि गेल्या दोन वर्षांत आम्ही जुन्या दाखलनोंदवह्यांवरून टंकून घेतलेली दुर्मीळ पुस्तकांची यादी आहे. फेब्रुवारीत एका संध्याकाळी, ऐन देवघेवीच्या वेळी, वीज गेली, अर्ध्या मिनिटात आली आणि लगेच पुन्हा गेली. त्यानंतर संगणक सुरू झाला, पण नोंदींची फाइल उघडली नाही. महिन्यापूर्वीची एक प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून सर्वस्व गेले नाही, तरी मधल्या काळातल्या चारशेच्या आसपास नोंदी आम्ही दोघींनी पुन्हा बसून केल्या.

संगणकाला यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर काही मिनिटे बॅटरीवर वीज देणारे यंत्र, होता. सहा वर्षांपूर्वी संगणकाबरोबरच घेतलेला. त्याचा हिरवा दिवा रोज लागत असे, त्यामुळे तो ठीक आहे असेच आम्ही धरून चाललो होतो. आता कार्यकारिणीने नव्या यूपीएससाठी पाच हजार रुपये मंजूर केले आहेत. दुकानदार ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) पुरेल असे म्हणतात, तर एक सभासद घरगुती इन्व्हर्टरच बसवावा असे सुचवतात. इमारत जुनी, जांभ्याची, कौलारू आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की कधीकधी बोटांना मुंग्या येतात, पण तो विषय वेगळा असावा. नेमके काय पाहून खरेदी करावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त तारतंत्री

मुंग्यांचा विषय वेगळा नाही. माझ्या मते यूपीएसच्या आधी तोच सोडवायला हवा, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

संगणकाच्या वीजपुरवठ्यात, म्हणजे बाहेरची वीज आतल्या भागांना योग्य दाबाने देणाऱ्या डब्यात, विद्युतगोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याच्या पेटीकडे आणि दुसरा न्यूट्रलपासून पेटीकडे जोडलेला असतो. अर्थिंगची तार शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा अल्पसा प्रवाह जमिनीत निघून जातो. तार तुटलेली असेल, तर पेटी २३० व्होल्टच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते आणि हात लावणाऱ्याला मुंग्या येतात. तो प्रवाह अगदी थोडा असल्याने सहसा इजा होत नाही. मात्र उद्या आतल्या एखाद्या तारेचे आवरण फाटून फेज सरळ पेटीला टेकली, तर एमसीबी (जादा प्रवाह वाहताच पडणारा खटका) पडणार नाही आणि पेटीला हात लावणारा माणूस हाच जमिनीकडे जाण्याचा मार्ग ठरेल. आपल्याकडे मुले येतात, तेव्हा हे काम पुढे ढकलू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्थिंग नसेल तर यूपीएसचाही निम्मा उपयोग जातो. अचानक आलेला दाबाचा लोंढा गिळण्यासाठी यूपीएसमध्ये व्हॅरिस्टर बसवलेले असतात आणि त्यांतले काही तो लोंढा अर्थिंगच्या तारेकडेच वळवतात. तार जमिनीपर्यंत पोहोचतच नसेल तर त्यांनी तो कोठे वळवावा?

तपासणी अशी करून घ्यावी. परवानाधारक वायरमनला बोलावून तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरने तीन मोजमापे घ्यायला सांगावीत. फेज आणि न्यूट्रल यांत २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांतही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांत दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. एवढ्यावर मात्र थांबू नये. मल्टिमीटर अगदी नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे गंजलेली, नावापुरती जोडलेली अर्थिंगसुद्धा त्याला चांगली दिसते. जमिनीशी असलेला खरा रोध अर्थ टेस्टर नावाच्या उपकरणानेच कळतो. अर्थिंग कशी असावी याचे भारतीय मानक आयएस ३०४३ आहे, आणि नियमित काम करणाऱ्या वायरमनला ते ठाऊक असते. त्याच खेपेला मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा खटका) आहे का, हेही पाहून घ्यावे.

वर्धेकाठ

जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा प्रश्न उन्हाळ्यात जास्त येतो का? आमच्याकडे चंद्रपूरला काळ्या मातीत तेवढा त्रास होत नाही.

निवृत्त तारतंत्री

होय. पावसाळ्यानंतर जांभा लवकर कोरडा होतो, आणि कोरड्या जमिनीचा रोध बराच वाढतो. म्हणून खड्डा शक्यतो विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्याची ओल जाते अशा बाजूला घेतात, त्यात कोळसा व मीठ यांचे थर देतात आणि वरून पाणी घालण्यासाठी नळी ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतले तरी फरक पडतो. वळवाच्या पावसातल्या विजाही नेमक्या त्याच दिवसांत कडाडतात, त्यामुळे जमीन सर्वांत कोरडी आणि अर्थिंगची गरज सर्वांत मोठी, असा तो काळ असतो.

आता यूपीएसकडे येतो. तो कशासाठी हवा आहे, हे आधी ठरवावे. वीज नसताना दोन तास देवघेव चालू ठेवायची असेल तर ते वेगळे यंत्र आहे आणि त्याचा खर्चही वेगळा आहे. चालू नोंद जतन करून संगणक रीतसर बंद करायचा असेल तर पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली. आपली हानी झाली ती वीज नव्हती म्हणून झाली नाही. फाइल लिहिली जात असताना संगणक मध्येच बंद पडला म्हणून झाली. आपल्याला दुसरे काम हवे आहे असे मी धरतो.

पेटीवर छापलेला व्हीएचा आकडा पाहून खरेदी करू नये, वॉटचा आकडा पाहावा. बाजारातला ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉट देतो, कारण त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएच्या तुलनेत प्रत्यक्ष वॉट किती याचे प्रमाण, ०.६ धरलेला असतो. १,००० व्हीएचा बहुधा ६०० वॉट देतो. उलट, संगणकाच्या वीजपुरवठ्यावर ४५० वॉट लिहिलेले असते त्याला घाबरू नये. ती त्याची कमाल क्षमता आहे, रोजचा वापर नव्हे. कार्यालयीन कामाचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक ६० ते १०० वॉट घेतो आणि २२ इंची एलईडी पडदा २०–२५ वॉट. सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. तो कोणाकडून तरी एक दिवस मागून आणावा, म्हणजे अंदाजाची गरजच उरणार नाही.

खिडकीशेजारी

मी रत्नागिरीजवळून घरूनच काम करतो. माझ्या मते ऑनलाइन प्रकारचा यूपीएसच घ्यावा. त्यात वीज गेली तरी क्षणाचाही खंड पडत नाही, बाकीच्या प्रकारांत पडतो.

निवृत्त तारतंत्री

आपले म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, परंतु या वाचनालयाला त्याची गरज आहे असे मला वाटत नाही. कारण सांगतो.

ऑफलाइन प्रकारात नेहमीची वीज जवळपास जशीच्या तशी संगणकाला मिळते आणि वीज गेली की रिले फिरून बॅटरी जोडली जाते. त्याला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. संगणकाच्या एटीएक्स या प्रचलित प्रकारच्या वीजपुरवठ्याच्या आरेखनात पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरण्याची अपेक्षा असते, आणि आपला संगणक तर पूर्ण भाराच्या पावपटीवर चालतो. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या संगणकाला तो खंड जाणवत नाही. लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारात याशिवाय ट्रान्सफॉर्मरला टप्पे दिलेले असतात. व्होल्टेज १६०–१७० पर्यंत खाली आले किंवा २६०–२७० पर्यंत वर गेले, तरी बॅटरी न वापरता ते सावरले जाते. कोकणातल्या लांबच लांब लाइनवर, संध्याकाळी पंप आणि दिवे एकदम सुरू झाल्यावर, व्होल्टेज पडते हे आपण सर्व जाणतो. अशा ठिकाणी ऑफलाइन यूपीएस दिवसातून वीस वेळा बॅटरीवर जातो आणि ती अकाली संपते. म्हणून लाइन इंटरॅक्टिव्हच घ्यावा.

ऑनलाइन प्रकारात वीज सतत एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती केली जाते. तो रुग्णालयातली यंत्रे, सर्व्हर आणि जनरेटरवर चालणारी ठिकाणे यांसाठी उत्तम आहे, पण त्याचा पंखा अखंड फिरतो, तो उष्णता करतो, विजेचा अपव्यय जास्त होतो, आणि पाच हजारांत तो बसणारही नाही.

खिडकीशेजारी

खुलासा पटला. मात्र माझा एक अनुभव नोंदवून ठेवतो, कारण तो इतरांच्या उपयोगी पडेल. मागच्या वर्षी मी नवा संगणक घेतला, यूपीएस जुनाच ठेवला. बॅटरी नवी होती, भारही १५० वॉटच होता, आणि तरीही वीज गेली की संगणक तत्काळ बंद पडे. जुना संगणक त्याच यूपीएसवर व्यवस्थित चालत असे.

निवृत्त तारतंत्री

आपल्या नव्या संगणकाचा वीजपुरवठा सक्रिय पॉवर फॅक्टर सुधारणा (वीज लहरीच्या आकारानुसार ओढणारी आतली योजना) असलेला असणार. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना खरी साइन लहर, म्हणजे नेहमीच्या विजेसारखी गुळगुळीत चढउताराची लहर, देत नाहीत. पायऱ्यापायऱ्यांची, मध्ये शून्यावर थांबणारी लहर देतात. जुन्या पद्धतीच्या वीजपुरवठ्याला तिचे काही वाटत नाही. सक्रिय सुधारणा असलेल्या काही वीजपुरवठ्यांना मात्र ती झेपत नाही: बदलाच्या क्षणी ते एकदम मोठा प्रवाह ओढतात, आणि मग एक तर यूपीएस अतिभार समजून बंद होतो, नाही तर वीजपुरवठा स्वतःच माघार घेतो. सगळ्यांचे असे होत नाही. तरी नवा संगणक असेल तर शुद्ध साइन लहरीचा यूपीएस घ्यावा, किंवा निदान क्षमता दुपटीने धरावी आणि दुकानातच आपला संगणक लावून, खटका बंद करून पाहावा.

वाचनालयाचा संगणक सहा वर्षांचा आणि साधा असल्यामुळे त्याला साध्या लहरीचा यूपीएस बहुधा चालेल. पण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मांडवीपार

मी गोव्यात फोंड्याकडे बॅटऱ्यांचे आणि यूपीएसच्या दुरुस्तीचे काम करतो. बॅटरीविषयी थोडे लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ यूपीएसमध्ये यंत्र धडधाकट असते आणि बॅटरी मेलेली असते.

६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. लोक १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास असा हिशोब करतात आणि १०० वॉटचा संगणक पाऊण तास चालेल असे समजतात. तसे होत नाही. तो ७ चा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे ०.३५ अँपिअरने, रिकामी केली तर मिळतो. १०० वॉटच्या भाराला मधली गळती धरून बॅटरीतून १० अँपिअर ओढावे लागतात, आणि इतक्या वेगाने ओढले की ती निम्मीसुद्धा क्षमता देत नाही. नवी असताना १५ ते २० मिनिटे मिळतात. याच कारणाने दोन बॅटऱ्यांचा यूपीएस दुपटीपेक्षा जास्त वेळ देतो, कारण प्रत्येकीवरचा ताण निम्मा होतो. तोच १०० वॉटचा भार त्यावर पाऊण तासाच्या आसपास चालतो.

बॅटरी विकत घेताना तिच्यावरचा निर्मितीचा महिना पाहावा. शिसे-आम्ल बॅटरी सहा महिन्यांहून अधिक काळ चार्ज न करता दुकानात पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती वापरण्याआधीच म्हातारी होते. यूपीएसची हमी आणि त्यातल्या बॅटरीची हमी बहुधा वेगवेगळ्या मुदतीची असते, दोन्ही लिहून घ्यावी. यूपीएसच्या पट्टीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६२४२ हा मानक क्रमांक आणि आर या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. घरगुती क्षमतेच्या यूपीएसना ही नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

आणि कोकण-गोव्यातल्या लोकांना एक विशेष सूचना: यूपीएसच्या झरोक्यांतून मुंग्या आणि पाली आत शिरतात. ऊब असते म्हणून त्या तिथे राहतात, आणि एखाद दिवशी दोन तारांमध्ये सापडून शॉर्टसर्किट करतात. झरोके कापडाने बंद करू नयेत, कारण हवा लागते. यूपीएस जमिनीवर न ठेवता भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवावा आणि आजूबाजूला खाण्याचे काही सांडू देऊ नये.

वर्धेकाठ

बॅटरीच्या आयुष्यावर उष्णतेचा परिणाम किती होतो? आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते आणि खोलीत ३८–४०.

मांडवीपार

फार होतो. ढोबळ नियम असा आहे, की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. वर्षभर तापमान तसेच राहत नाही, म्हणून प्रत्यक्षात इतके वाईट होत नाही, पण चंद्रपूरला तीन वर्षांची बॅटरी दोन वर्षांत बदलण्याची तयारी ठेवावी. उन्हाळ्यात आणखी एक धोका असतो. २५ अंशांना योग्य असलेले १३.५ ते १३.८ व्होल्टचे सततचे चार्जिंग ४० अंशांना जास्त ठरते, बॅटरी आतून तापते, तापली की आणखी प्रवाह घेते, आणि शेवटी फुगते. फुगलेली बॅटरी दिसली, किंवा यूपीएसजवळ कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर त्याच क्षणी यूपीएस बंद करून प्लग काढावा, खिडक्या उघडाव्यात आणि ती बॅटरी पुन्हा वापरू नये. फुगलेली बॅटरी पेटीत अडकून बसते, तेव्हा ती पेचकसाने उचकटून काढण्याचा प्रयत्न मी पाहिला आहे. तसे कृपा करून कोणी करू नये.

जांभ्याची वाट

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दोन शंका आहेत. बॅटरी आम्ही स्वतः बदलू शकतो का? आणि ज्या सभासदांनी इन्व्हर्टर सुचवला, त्यांना काय सांगू?

मांडवीपार

बदलता येते, पण क्रम पाळावा. संगणक बंद, यूपीएस त्याच्या बटणाने बंद, मग भिंतीचा प्लग बाहेर. प्लग काढणे आवश्यक आहे, कारण काही यूपीएसमध्ये बॅटरीची जोडणी मुख्य विजेपासून अलग केलेली नसते आणि वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या टोकावर जमिनीच्या संदर्भात पूर्ण दाब असू शकतो. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. आधी काळी तार काढावी, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. दोन्ही टोकांना एकाच वेळी धातूचे काही टेकू देऊ नये. एवढीशी बॅटरीसुद्धा क्षणात पेचकस लाल करण्याइतका प्रवाह देते. तेवढा धीर होत नसेल तर कारागिराला बोलवावे, त्यात काही कमीपणा नाही.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, भंगारवाल्यालाही देऊ नये. ती विक्रेत्याला परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुन्या शिशाचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात. भंगारात ती उघड्यावर फोडली जाते आणि शिसे मातीत जाते, विहिरीत उतरते.

निवृत्त तारतंत्री

इन्व्हर्टरविषयी मी सांगतो. पंखे आणि दिवे तासन्‌तास चालवायचे असतील तर इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी हा योग्य उपाय आहे. पण त्याला जागा हवी, हवा खेळती हवी, कारण चार्जिंगच्या वेळी तीतून हायड्रोजन निघतो, आणि वर्षातून दोन-तीन वेळा डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहणारा माणूस हवा. संस्थेच्या कामात ‘कोणीतरी पाहील’ या बोलीवर ठेवलेल्या बॅटरीत पाणी संपलेले मी फार वेळा पाहिले आहे.

इन्व्हर्टरवर संगणक चालवायचाच असेल तर तो साइन लहरीचा असावा आणि मागचा खटका यूपीएस या स्थितीवर असावा. त्या स्थितीत बदलाचा वेळ कमी होतो. दुसऱ्या स्थितीत तो इतका असतो की पंख्याला कळत नाही, पण संगणक बंद पडतो. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर यूपीएस लावण्याचा प्रयोग करू नये. यूपीएसला ती वीज बिघडलेली वाटते, तो बॅटरीवरच राहतो आणि वीस मिनिटांत रिकामा होतो.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जोडणी. इन्व्हर्टरचे आउटपुट वायरिंगमध्ये चुकीच्या जागी जोडले, तर वीज गेल्यावर तो उलट लाइनमध्ये वीज सोडू शकतो आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे.

पेनड्राइव्ह

मी न्यू जर्सीत राहतो, मूळचा दापोलीचाच आहे. इकडे चांगले यूपीएस सवलतीत मिळतात. वाचनालयासाठी एक पाठवावा अशी माझी फार इच्छा आहे. चालेल का?

निवृत्त तारतंत्री

आपली भावना समजते, परंतु कृपया पाठवू नये. तिकडचा यूपीएस १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असतो. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर तो लावला तर पहिल्या मिनिटात जळेल. मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून दाब उतरवला तरी वारंवारिता बदलत नाही. शिवाय बॅटरी असलेले जड यंत्र विमानाने पाठवणे अवघड, आणि तिकडची हमी इथे उपयोगाची नाही. आपण दर तीन वर्षांनी एका बॅटरीचा खर्च उचललात, तर त्याने वाचनालयाची खरी अडचण दूर होईल.

पेनड्राइव्ह

ते मी आनंदाने करीन.

खिडकीशेजारी

मोडेमविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. घरापर्यंत आलेल्या फायबरला मधल्या वाटेवर वीज लागत नाही. त्यामुळे पुरवठादाराच्या केंद्रात वीज असेल आणि आपला १२ व्होल्टचा डबा चालू असेल, तर गावात अंधार असतानाही इंटरनेट मिळते. या डब्यासाठी लिथियम बॅटरीचा छोटा डीसी यूपीएस वेगळा मिळतो आणि तो तीन-चार तास पुरतो. पिनेचा आकार, व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावा. माझी मोठ्या यूपीएसची बॅटरी त्यामुळे फक्त संगणकासाठी उरते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मंडणगड-दापोलीकडे अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तसल्या प्रसंगात यातले काहीच पुरणार नाही, पण रोजच्या तासाभराच्या खंडाला हा फार चांगला उपाय आहे.

निवृत्त तारतंत्री

सूचना उत्तम आहे. यूपीएसवर काय लावू नये, तेही नोंदवतो. लेझर प्रिंटर मुळीच लावू नये. त्यातला कागद भाजणारा रूळ तापताना एकदम कित्येकशे वॉट ओढतो आणि यूपीएस अतिभाराने बंद पडतो. पंखा, टेबलावरचा ट्रान्सफॉर्मरवाला जुना दिवा, मोबाइल चार्जरांनी भरलेला एक्स्टेन्शन बोर्ड, हेही नको. एका यूपीएसमध्ये दुसरा यूपीएस लावू नये. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्याची पद्धत अजून दिसते, ती तर अजिबात नको.

चाचणी दर महिन्याला घ्यावी. प्लग उपटून घेऊ नये, भिंतीवरचा खटका बंद करून घ्यावी. आपल्याकडचा खटका फक्त फेज तोडतो, अर्थ जोडलेला राहतो, पण प्लग काढला की अर्थही सुटतो.

आणि हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे: मुख्य खटका बंद केला म्हणजे यूपीएसच्या सॉकेटमधली वीज गेली असे होत नाही, तिथे बॅटरीचे २३० व्होल्ट असतात. लहान यूपीएसची दोन्ही टोके बॅटरीवर असताना तरंगती, म्हणजे जमिनीशी न जोडलेली, असतात, त्यामुळे टेस्टर दोन्ही छिद्रांत पेटू शकतो, आणि मुख्य पेटीतला आरसीसीबी त्या वेळी तिथले संरक्षण करीत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी घरांत शिरले, तेव्हा पहिल्यांदा बुडाल्या त्या जमिनीवर ठेवलेल्या वस्तू. पाणी चढू लागले तर आधी यूपीएस त्याच्या बटणाने बंद करावा, आणि तो आधीच पाण्यात असेल तर त्याच्याजवळ जाऊ नये.

शेवटी, यूपीएसला यूएसबीची तार असेल तर ती संगणकाला जोडावी. विंडोजला तो लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो आणि ठरावीक पातळीला संगणक आपोआप बंद करता येतो. लिनक्सवर नट नावाची मोफत प्रणाली तेच काम करते. माणूस चहाला गेलेला असताना वीज गेली, तरी फाइल वाचते.

जांभ्याची वाट

चार महिन्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

वायरमन आले. संगणकाच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांत १२२ व्होल्ट आणि न्यूट्रल आणि अर्थ यांत १०९ व्होल्ट निघाले. मागच्या भिंतीवरून उतरणारी अर्थिंगची तार चिऱ्यांच्या सांध्यात गंजून तुटलेली होती, आणि ती किती वर्षांपूर्वी तुटली होती हे कोणालाच सांगता आले नाही. आम्ही विहिरीच्या बाजूला नवा खड्डा घेतला. अर्थ टेस्टरवर ४ ओहम आले. मुंग्या त्याच संध्याकाळपासून बंद झाल्या. आरसीसीबीही बसवला. या सर्वांचा खर्च यूपीएसपेक्षा जास्त झाला आणि त्यासाठी कार्यकारिणीची वेगळी मंजुरी घ्यावी लागली. मी आपले उत्तर छापून बैठकीत वाचून दाखवले, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

वॉटमीटरवर संगणक आणि पडदा मिळून ८८ वॉट भरले. ६०० व्हीए, ३६० वॉटचा, यूएसबी असलेला लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला. दुकानात संगणक नेऊन, खटका बंद करून पाहिले आणि मगच पैसे दिले. राउटरसाठी लहान डीसी यूपीएस वेगळा आहे. पहिल्या चाचणीत १९ मिनिटे मिळाली. वीज गेल्यावर पाच मिनिटांनी संगणक आपोआप बंद होईल असे लावले आहे, आणि रोज संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी नोंदींची प्रत दोन पेनड्राइव्हवर आळीपाळीने घेतो. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात एका दुपारी वीज सात वेळा गेली. संगणक एकदाच, रीतसर, बंद झाला.

एक शंका उरली आहे. विजा फार कडाडत असतील तेव्हा यूपीएसच्या भरवशावर संगणक चालू ठेवावा का?

निवृत्त तारतंत्री

ठेवू नये. जवळ पडलेल्या विजेचा लोंढा कोणताही घरगुती यूपीएस अडवू शकत नाही, आणि तो केवळ विजेच्या तारेने नव्हे, तांब्याच्या टेलिफोन किंवा केबलच्या तारेनेही आत येतो. कडकडाट दूर असतानाच संगणक व यूपीएस बंद करून दोन्हीचे प्लग आणि असतील त्या तांब्याच्या तारा काढून ठेवाव्यात. वीज डोक्यावर आल्यावर तारांना हात लावू नये. आपली ४ ओहमची नोंद पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी. खरा आकडा तेव्हाच कळेल.

जांभ्याची वाट

तसेच करू. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. जडसंग्रह नोंदवहीत यूपीएसच्या नोंदीशेजारी बॅटरी बदलण्याचे वर्ष आणि एप्रिलमधले अर्थिंगचे मोजमाप, असे दोन नवे रकाने आखले आहेत.